अर्धी कवटी : विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाच्या नोंदी

५ डिसेंबर

वाचनालयाच्या बैठकीत 'कोणीतरी करा' म्हणता म्हणता काम माझ्याच गळ्यात पडलं. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, विषय 'माणूस कुठून आला', जागा वरच्या मजल्यावरचा लांबट हॉल, बजेट चहापाण्यासकट सात हजार. मी फिजिओथेरपिस्ट. हाडं, सांधे, स्नायू हे रोजचं काम, आणि दगडी हत्यारं नि जीवाश्म हे वाचनाचं वेड. दोन्ही एकदा एका टेबलावर मांडून बघायची हौस होतीच, त्यामुळे फार आढेवेढे घेतले नाहीत.

सुरुवात कुठून करायची ते तारखेनंच ठरवलं. ५ डिसेंबर १९८२ ला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना नर्मदेकाठी हथनोरा गावाजवळ, घट्ट झालेल्या गाळात-गोट्यांत रुतलेली एक कवटी सापडली. होशंगाबाद (आताचं नर्मदापुरम) तिथून जवळ, म्हणजे आपल्या नागपूरपासून रेल्वेनं चार-पाच तास. याच सर्वेक्षणाचं मोठं कार्यालय सेमिनरी हिल्सवर आहे. मी शाळेत असताना रोज त्या रस्त्यानं सायकल दामटायची. दहावीपर्यंत मला नर्मदेच्या कवटीबद्दल एक अक्षर कुणी सांगितलं नाही.

कवटी पूर्ण नाही. उजव्या बाजूचा वरचा भाग बऱ्यापैकी शाबूत, डावीकडचा थोडासा तुकडा. जबडा नाही, दात नाहीत. सोनकियांनी तिला होमो इरेक्टस या नामशेष मानवजातीत घातलं आणि 'नर्मदेन्सिस' हे उपनाव दिलं. नंतर केनेडी वगैरे अभ्यासकांनी ती पुन्हा मोजली, मेंदूचं आकारमान ११५५ ते १४२१ घन सेंटिमीटरच्या दरम्यान कुठेतरी काढलं आणि म्हणाले, ही तर आपल्याच जातीच्या जुन्या शाखेतली दिसते. वयावरही एकमत नाही. म्हणजे भारताची सगळ्यात प्रसिद्ध कवटी अर्धी, आणि तिच्याबद्दलचं उत्तरही अर्धंच. मला तिची प्रतिकृती हवी.

७ डिसेंबर

सचिवांनी उत्साहात फ्लेक्स छापूनही आणला. बारा फूट बाय तीन. डावीकडे चार पायांवरचं माकड, मग थोडं वाकलेलं, मग आणखी ताठ, शेवटी भाला घेतलेला माणूस, आणि त्याच्यापुढे (हे त्यांचं स्वतःचं योगदान) लॅपटॉपसमोर वाकलेला माणूस. खाली लाल अक्षरात 'माकड ते मानव'.

मी म्हटलं, "साहेब, असं झालेलं नाही."

"म्हणजे? पुस्तकात तर हेच चित्र असतं."

असतं. म्हणूनच सगळ्यांना वाटतं की माकडाचा माणूस झाला, आणि मग पुढचा हमखास प्रश्न येतो: मग आता रामटेकची माकडं का होत नाहीत? रामटेकचे लंगूर आपले आजोबा नव्हेत. त्यांचा नि आपला सामाईक पूर्वज अडीच-तीन कोटी वर्षांमागचा. तिथून फुटलेल्या वाटेवर ते त्यांच्या पद्धतीनं तितकीच वर्षं चालत आलेत.

फ्लेक्सचे बाराशे गेले. बजेटमधूनच.

१२ डिसेंबर

चितार ओळीत गेले. गणपती-दुर्गेचा हंगाम संपलाय, गल्ली ओस. एका ओळखीच्या पेशंटचे काका मूर्ती घडवतात, त्यांच्याकडे फोटो आणि मोजमापांचे कागद नेले. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितले.

"अर्धंच काऊन हाय जी हे?"

"एवढीच सापडली, काका."

"मंग बाकीचं म्या करून देतो ना. उजवीकडं हाय तसंच डावीकडं वळवाचं. दोन दिवसाचं तं काम."

"नको. आहे तेवढंच करा."

काका गप्प झाले. मग म्हणाले, "म्याडम, खंडित मूर्ती आमी घरात ठेवत नाही. तडा गेला, बोट मोडलं, का शिरवायला नेतो. अन् तुमी मले मुद्दाम खंडित कराले सांगता."

याला काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही. ते मात्र तयार झाले, बहुतेक माझ्यावर दया येऊन.

१४ डिसेंबर

रामटेक. भाचीला घेऊन गेले, कारण 'अंगठा' या फलकासाठी फोटो हवे होते. गडाच्या पायऱ्यांवर लंगूर काही कमी नाहीत. एकाच्या हातात फुटाण्याची पुडी लागली (आमचीच). भाची रडकुंडीला, मी खूश. लंगुराचा अंगठा इतका आखूड असतो की तो बाकीच्या बोटांच्या टोकांपर्यंत नीट पोचत नाही. पुडी त्यानं बोटं नि तळव्यात दाबून धरली आणि फुटाणे कडेनं उचलले. आपण सुईत दोरा ओवताना अंगठ्याचं पेर तर्जनीच्या पेराला टेकवतो, ते त्याला जमत नाही. अंगठ्याचं शेवटचं पेर स्वतंत्रपणे वाकवायला आपल्याकडे एक लांब वेगळा स्नायू आहे. पेशंटचा अंगठा कारखान्याच्या मशीनमध्ये सापडतो नि हा स्नायू तुटतो, तेव्हा साधं शर्टाचं बटण लावणंही किती अवघड होतं ते मी रोज बघते.

भाची म्हणाली, "मावशी, मग दगडाचं हत्यार याला करताच येणार नाही?"

प्रश्न सोपा वाटला, पण नाही. पश्चिम आफ्रिकेत चिंपांझी दगडावर दगड आपटून कवचाची फळं फोडतात, आणि आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात उत्खनन करून असे ४३०० वर्षांपूर्वीचे दगड सापडलेत. ब्राझीलमधली कॅपुचिन माकडं दगडावर दगड आपटताना धारदार छिलके पाडतात, फक्त ते छिलके ती वापरत नाहीत. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा पुरातत्त्वज्ञांच्या पोटात गोळा आला असणार: धारदार छिलका दिसला म्हणजे माणूस होता, एवढं म्हणून आता भागत नाही.

येताना मनसरला चहा. फोटो सात आले, त्यातले पाच हललेले.

२१ डिसेंबर

आज दगड फोडले. गच्चीवर.

कन्हानच्या पात्रातला मुठीत मावणारा गोटा हातोडा म्हणून. फोडायला दोन प्रकार: गिट्टीच्या ट्रकवाल्याकडून मागितलेला काळा फत्तर (गिट्टीखदान नावाचा अख्खा भाग असलेल्या शहरात बेसॉल्टसाठी वणवण करायची गरज नाही) आणि चर्टचे (गारगोटीसारख्या कठीण दगडाचे) तीन गोळे. डोळ्यांना वेल्डिंगचा गॉगल, तोंडाला मास्क, मांडीवर जुनी सतरंजी. दगडाची धूळ फुफ्फुसाला वाईट, म्हणून हे घरात करू नये. आईनं गच्चीवर डोकावून 'भूक लागली की खाली ये' एवढंच म्हटलं.

पहिला तास नुसता चुरा. जोरात मारलं की दगड फुटतो तसा फुटतो. मग कळलं की जोर दुय्यम, कोन मुख्य. दगडाच्या कडेला नव्वद अंशांहून कमी कोन शोधायचा, तिथे जरा आत, तिरका, झटका देऊन ठोका द्यायचा. तेव्हा 'टक्' असा कोरडा आवाज येतो आणि खालून शिंपल्यासारखा छिलका सुटतो. त्याच्या पोटाशी, ठोक्याच्या लगेच खाली, एक फुगीर गाठ असते आणि तिथून पाण्यावरच्या तरंगांसारख्या रेषा पसरतात. नदीत आपोआप फुटलेल्या दगडावर अशी एखादी खूण कधीमधी दिसेल. पण एकाच दगडावर, एकाच कडेनं, ओळीनं दहा-बारा दिसल्या, तर तिथे कुणीतरी एक छिलका काढून पुढच्याची जागा बघत होतं. हे मी वाचलं होतं. हातानं केल्यावर पटलं.

छिलके भयंकर धारदार. संत्र्याची साल, टोमॅटो, सायकलची ट्यूब, माझं डावं बोट, सगळं एका फटक्यात. हातकुऱ्हाड मात्र झाली नाही. दोन्ही बाजूंनी छिलके काढत, पालथं-उलटं करत, टोकाकडे निमुळतं आणि मुठीकडे जाड असं नेत जावं लागतं, आणि नववा ठोका मारताना पंधराव्याचा विचार करावा लागतो. माझी प्रत्येक वेळी मधोमध मोडली. केनियातल्या लोमेक्वीचे ३३ लाख वर्षांपूर्वीचे ओबडधोबड छिलके माझ्या आवाक्यात. १७ लाख ६० हजार वर्षांपूर्वीची, तिथल्याच तुर्काना तळ्याच्या पश्चिमेची हातकुऱ्हाड माझ्या आवाक्याबाहेर. मध्ये पंधरा लाख वर्षं गेली, याचं आज आश्चर्य वाटलं नाही.

एक काम न विसरता केलं. प्रत्येक तुकड्यावर तैलरंगाचा पिवळा ठिपका आणि तारीख. चुराही गोळा करून डब्यात. नाहीतर उद्या हे छिलके कुठेतरी नाल्यात पडायचे आणि पन्नास वर्षांनी एखाद्या संशोधकाची झोप उडवायचे.

२४ डिसेंबर

उजवा कोपर दुखतोय. टेनिस एल्बो. स्वतःलाच अल्ट्रासाउंड.

२८ डिसेंबर

अजब बंगला. मध्यवर्ती संग्रहालय हे त्याचं खरं नाव, पण रिक्षावाल्याला ते सांगून बघा. लहानपणी पेंढा भरलेले प्राणी बघायला यायचो. आज फलकासाठी तारखा जुळवत होते आणि १८६३ या सालानं धरून ठेवलं. हे संग्रहालय त्या साली सुरू झालं. त्याच साली ३० मे रोजी मद्रासजवळ पल्लावरमला रॉबर्ट ब्रूस फूट यांना एक दगड सापडला, माणसानं घडवलेला, आणि भारतात पुराश्मयुग (दगडी हत्यारांचा सगळ्यात जुना काळ) होतं हे पहिल्यांदा कळलं. आणि त्याच साली सप्टेंबरात आपल्या नागपूरचे स्टीफन हिस्लॉप, मिशनरी नि जीवाश्मांचे वेडे, टाकळघाटची शिळावर्तुळं (मोठ्या दगडांची रिंगणं घातलेली जुनी दफनं) बघून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेले. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

शिळावर्तुळांवरून वाचनालयातल्या दोघांनी आग्रह धरलाय की जुनापाणी, माहुरझरी प्रदर्शनात घ्याच, 'आपली' आहेत म्हणून. आहेत, आणि सुंदर आहेत. पण ती लोहयुगातली, पुरलेला माणूस तुमच्या-माझ्यासारखाच होता, घोड्यावर बसणारा नि लोखंड वापरणारा. जुनं ते सगळं उत्क्रांतीत बसत नाही. आपल्या बाजूची खरी जुनी हत्यारं हवी असतील तर चंद्रपूरच्या पापामिया टेकडीचं नाव घ्यावं. तिथे जायचा मोह झाला, पण पोरांना घेऊन गेले तर खिसे भरून दगड आणतील, आणि जागेवरून उचललेल्या हत्याराची निम्मी माहिती तिथेच राहते. फलकावर नाव आणि विनंती: बघा, उचलू नका.

४ जानेवारी

बोकडाचं मुंडकं. खाटकाकडून 'कवटी न फोडता द्या' म्हटल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला. गच्चीवर जुन्या कुकरमध्ये सोड्याच्या पाण्यात चार तास. आईनं जाहीर केलंय की तो कुकर आता कायमचा माझा.

हवं होतं ते भोक. कवटीला मज्जारज्जू जिथून बाहेर पडतो ते मोठं छिद्र. बोकडात ते मागच्या बाजूला, कारण मान आडवी आणि डोकं तिच्या पुढे टांगलेलं. क्लिनिकमधल्या प्लास्टिकच्या मानवी कवटीत ते बरोबर खाली, जवळपास मध्यावर, कारण डोकं खांबावर मडकं ठेवावं तसं मणक्यावर तोललेलं. दोन्ही कवट्या शेजारी ठेवल्या की आठ वर्षांच्या पोरालाही सांगावं लागत नाही.

१९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ताउंगच्या खाणीतून आलेली एका लहान मुलाची कवटी रेमंड डार्ट यांनी दगडातून मोकळी केली. मेंदू छोटा, वानराच्या मापाचा, पण हे छिद्र पुढे, खालच्या बाजूला. डार्ट म्हणाले, हा दोन पायांवर चालत होता. त्यांना जवळजवळ वीस-पंचवीस वर्षं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. कारण इंग्लंडात १९१२ पासून पिल्टडाउनचा माणूस विराजमान होता: मोठा मेंदू, वानराचा जबडा, सगळ्यांना हवा होता तसाच. मोठा मेंदू आधी आला आणि बाकी सगळं मागून, हे विद्वानांना आवडणारंच होतं. १९५३ मध्ये उघड झालं की कवटी माणसाची, जबडा ओरांगउटानचा, दात कानशीनं घासलेले आणि सगळं रंगवून जुनं केलेलं. चाळीस वर्षं!

हे काकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे कोणीतरी बाकीचं करून देल्लं होतं."

हो काका. नेमकं तेच.

१० जानेवारी

साचा झाला. प्लास्टर ओतलं. सोडवताना भुवईच्या हाडाशी तडा. काकांनी तो दाखवला आणि अगदी निर्विकार चेहऱ्यानं विचारलं, "हा तडा ठेवाचा का बुजवाचा?"

बुजवायचा. हा आपला तडा, तिचा नाही.

१८ जानेवारी

आज गुडघा. हा फलक मीच लिहिणार, कुणाला हात लावू देणार नाही.

सगळ्यांना 'लुसी' हा मानवपूर्व मादीचा जीवाश्म सांगाडा माहीत असतो: २४ नोव्हेंबर १९७४, इथिओपियातलं हदार, डोनाल्ड जोहान्सन, सुमारे ३२ लाख वर्षं, सांगाड्याचा साधारण ४० टक्के भाग. पण तिच्या आदल्या वर्षी, १९७३ मध्ये, त्याच भागात जोहान्सन यांना एक गुडघा सापडला होता, ३४ लाख वर्षांच्या आसपासचा. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक. सोबत कवटी नाही, दात नाहीत, काही नाही. तरी तो गुडघा हातात घेतला की कुठलाही फिजिओथेरपिस्ट सांगेल, हा चालणारा आहे.

आपलं मांडीचं हाड खुब्यापासून गुडघ्याकडे सरळ उतरत नाही, आत तिरकं येतं. साधारण ८ ते ११ अंश. त्यामुळे दोन्ही गुडघे एकमेकांजवळ आणि पाऊल बरोबर शरीराच्या वजनाखाली. एक पाय उचलला की दुसऱ्यावर तोल राहतो. चिंपांझीत हा कोन जवळपास शून्य. दोन पायांवर चालताना तो म्हणून पहिलवानासारखा डुलत जातो. हदारच्या गुडघ्यात कोन आहे.

आणि खरी गंमत पुढे. हा कोन जन्मतः नसतो. बाळाचं मांडीचं हाड सरळच असतं, ते उभं राहायला-चालायला लागलं की वजन पडून पडून तो कोन तयार होतो. जन्मापासून कधी चालूच न शकलेल्या मुलांच्या एक्स-रेत तो दिसत नाही. अशा मुलांवर मी काम केलंय. म्हणजे त्या ३४ लाख वर्षांपूर्वीच्या गुडघ्याचा मालक 'चालू शकणाऱ्यांच्या जातीचा' होता एवढंच नाही. तो स्वतः लहानपणी पडत-धडपडत चालायला शिकला होता आणि मोठा होईतो चालत होता. एका हाडात एवढी माहिती. आज क्लिनिक बंद केल्यावर अर्धा तास नुसती मॉडेलचा गुडघा हातात घेऊन बसले होते.

त्याला दुजोरा पुन्हा वेगळ्याच दिशेनं. टांझानियातल्या लाएतोलीला ज्वालामुखीची राख पडली, वर पाऊस झाला, त्या ओल्या राखेतून कोणीतरी चालत गेलं आणि ठसे पक्के झाले. मेरी लीकी यांच्या चमूला १९७८ मध्ये ते सापडले. ३६ लाख ६० हजार वर्षं. टाच आधी टेकलेली, अंगठा बाकीच्या बोटांच्या ओळीत. तिथे हाड नाही, इथे पाऊल नाही, आणि दोन्ही एकच सांगतात. या दोघांच्याही आधी दगडी हत्यार कुठे सापडलेलं नाही. मेंदू तर फारच पुढे वाढला. आधी पाय, मग हात, मग डोकं.

चालण्याची किंमत आपण अजून मोजतोय. आज ओपीडीत अकरा जण, त्यातली सात कंबर.

२५ जानेवारी

वाचनालयात पोरांची तालीम. पोट्टे एकूण तेवीस. मनगटाची चाचणी घेतली: अंगठा नि करंगळी टेकवा, मनगट किंचित आत वळवा. मधोमध दोरीसारखी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी शीर, रक्ताची नव्हे) उभी राहते ती पाल्मारिस लाँगस स्नायूची. शंभरात साधारण चौदा-पंधरा जणांत एका तरी हाताला तो नसतो आणि पकडीत फारसा फरक पडत नाही. शल्यचिकित्सक दुसरीकडची कंडरा दुरुस्त करायला हीच काढून वापरतात. आमच्यात तिघांना नव्हता. त्यातल्या एकाला इतका आनंद झाला की 'मी जास्त उत्क्रांत आहे' म्हणत सगळीकडे फिरला. त्याला खाली बसवून सांगावं लागलं की असं काही नसतं, बेट्या.

एका पालकांनी विचारलं, "हे सगळं कार्बन डेटिंगनं कळतं ना?" नाही. कार्बन-१४ चं अर्धायुष्य (निम्मं संपायला लागणारा काळ) ५७३० वर्षं; पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरत नाही. लाएतोलीची, हदारची वयं राखेतल्या किरणोत्सारी पोटॅशियमवरून काढतात, त्याचं अर्धायुष्य सव्वाशे कोटी वर्षं. म्हणजे इतक्या जुन्या हाडाचं वय हाडावरून काढतच नाहीत, ते ज्या थरांच्या मध्ये सापडलं त्यांचं काढतात.

आणि थर हुकले की घोळ होतो, त्याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जुन्नर तालुक्यातल्या बोरीला कुकडीच्या काठी राखेच्या थराशी हातकुऱ्हाडी मिळाल्या. राख कुणी चौदा लाख वर्षांची काढली, कुणी पावणेसात लाखांची, आणि कुणी म्हणालं ही तर ७४ हजार वर्षांपूर्वीच्या सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची. तामिळनाडूत अत्तिरमपक्कमला मात्र शांता पप्पू आणि सहकाऱ्यांनी राखेविना, अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे दगडात तयार होणाऱ्या मूलद्रव्यांवरून वय काढलं, सुमारे १५ लाख वर्षं. २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मी बोरी आणि अत्तिरमपक्कम दोन्ही लावणार. सचिवांचं मत, बोरी गाळा, लोकांचा गोंधळ होईल. गोंधळ आहे, तर होऊ दे.

१ फेब्रुवारी

फ्लेक्सचा प्रश्न सुटला. तो उलटा केला. मागची बाजू पांढरी, बारा फूट म्हणजे ३६६ सेंटिमीटर. एका सेंटिमीटरला दहा हजार वर्षं धरली तर अख्ख्या फ्लेक्सची लांबी होते ३६ लाख ६० हजार वर्षं. लाएतोलीचे ठसे बरोबर डाव्या काठावर! हिशेब तीनदा केला. भाची म्हणाली, मावशी, तू रडतेयस का. धूळ होती.

मग टेप लावून खुणा. उजव्या काठापासून, म्हणजे आजपासून मागे: लोमेक्वीचे दगड ३३० सेंटिमीटरवर, लुसी ३२० च्या जवळ, इथिओपियातल्या गोनाचे छिलके २६० वर, पहिली हातकुऱ्हाड १७६ वर, अत्तिरमपक्कम १५० वर. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदचे, आपल्या जातीचे आजवरचे सगळ्यात जुने मानले जाणारे अवशेष ३० वर. शेती सव्वा सेंटिमीटर. जुनापाणीची वर्तुळं तीन मिलिमीटर. आणि बख्त बुलंद शहानं १७०२ मध्ये वसवलेलं नागपूर पेन्सिलच्या एका रेघेत संपलं.

शेवटच्या ३० सेंटिमीटरमध्ये गर्दी झाली, आणि तीच मला हवी होती. तिथे आपण एकटे नाही, माणसाच्या इतर जातीही आहेत. दक्षिण आफ्रिकेत छोट्या मेंदूचे नालेदी, युरोपात निअँडरथल, सायबेरियाकडे डेनिसोव्हन, जावात एक लाखाच्या थोडं मागेपर्यंत इरेक्टस, फ्लोरेस बेटावर मीटरभर उंचीची माणसं. निअँडरथल चार सेंटिमीटरवर नाहीसे होतात, पण पुरते नाही: आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या डीएनएत त्यांचा १ ते २ टक्के वाटा अजून आहे. रांगेनं चालणारी पाच माणसं यात कुठे बसवायची?

समोरच्या बाजूची लॅपटॉपवाली मिरवणूक आता भिंतीकडे तोंड करून उभी आहे. सचिव काही बोलले नाहीत. चहा मात्र स्वतः करून आणला.

८ फेब्रुवारी

रामापिथेकसचा फलक घालायचा की नाही यावर दोन दिवस घालवले. एका जुन्या गाइडमध्ये तो अजून आपला थेट पूर्वज म्हणून बसलाय, दोन पायांवर उभा, अंगावर केस, हातात काठी. शिवालिक टेकड्यांतला, म्हणजे 'आपलाच'. खरं तर सापडले होते जबड्याचे तुकडे. बाकी उंची, काठी, चाल चित्रकाराची. पुढे पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर त्याच्याच भाऊबंदाचा, शिवापिथेकसचा, जवळजवळ पूर्ण चेहरा मिळाला आणि १९८२ मध्ये डेव्हिड पिलबीम यांनी दाखवलं की हा तर ओरांगउटानच्या घरचा. रामापिथेकसला माणसाच्या वाटेवर बसवणाऱ्यांत पिलबीम स्वतः होते. आपलं मत भर सभेत मागे घेणं आपल्याकडे किती जणांना जमेल, विचार करा.

फलक घातला. शेजारी जबड्याच्या तुकड्याचं चित्र, मापात. तळहातापेक्षा छोटं.

१५ फेब्रुवारी

काकांचा निरोप, 'येऊन बघा'.

कवटी तयार होती, उजवी बाजू तपकिरी, खरखरीत, भुवईचा उंचवटा ठसठशीत. डावीकडे मी पोकळी असेल असं धरून चालले होते. काकांनी तिथे बांबूच्या बारीक कामट्या वाकवून त्यावर तणस सुतळीनं आवळून बांधली होती, दुर्गेच्या मूर्तीला माती लावायच्या आधी बांधतात तशी. डोक्याचा गोल पुरा दिसतो, पण एका बाजूला हाड नि दुसऱ्या बाजूला गवत.

"खंडित नाही होय ही," काका म्हणाले. "काम चालू हाय."

मी पैसे पुढे केले. त्यांनी निम्मे परत दिले. म्हणे, अर्ध्या कवटीचे अर्धे.

२८ फेब्रुवारी

सकाळी नऊ ते रात्री आठ. दगड फोडायला रांग (गॉगल दोनच, मोठी चूक). बोकडाच्या कवटीपाशी सगळ्यात जास्त गर्दी, हदारच्या गुडघ्यापाशी सगळ्यात जास्त आजीआजोबा. माझा फलक वाचून झाला की आपला गुडघा पुढे करत. 'हा कोन जरा जास्तच झाला का जी माझा?' दुपारपर्यंत नऊ गुडघे तपासले, तिघांना एक्स-रे सांगितला.

एका गृहस्थांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, मला नाही पटत, पण मांडलंय छान." मी त्यांना पिवळ्या ठिपक्याचा छिलका नि संत्रं दिलं. साल कापून बघितली, धारेवरून अंगठा फिरवला, आणि पुन्हा गोनाच्या खुणेपाशी जाऊन बराच वेळ उभे राहिले. पुढे काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

काका इस्त्रीचा सदरा घालून दिवसभर हथनोऱ्याच्या कवटीशेजारी खुर्ची टाकून बसले. एका पोरीनं विचारलं, "आजोबा, या बाजूला माती कधी लावणार?"

"भेटल्यावर."

२ मार्च

सामान आवरलं. पेटी पुढच्या आठवड्यात कामठीच्या एका शाळेत जाणार. करायची कामं: गॉगल आणखी सहा. छिलके मोजून ४१, गेले होते ४३. दोन कुणाच्या तरी खिशात. ठिपके आहेत, हरकत नाही. फ्लेक्सची डावी कड फाटली, लाएतोलीची टाच अर्धी गेली, तिथे मागून पट्टी. तणशीला किडे लागतील म्हणून काकांनी कडुनिंबाची पानं कोंबायला सांगितलीत. बोकडाची कवटी आईनं कुकरसकट क्लिनिकला पाठवली.